अठरावा रकाना

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हॉस्पिटलने आत्याला घरी सोडलं ते ठरल्याच्या एक दिवस आधी, कोणाला न कळवता, भर दुपारी बारा वाजता. गाडीवाल्याने तिला इमारतीच्या दारात उतरवलं, बॅग शेजारी ठेवली आणि तो निघून गेला. आत्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आत्याने जिन्याकडे पाहिलं, जिन्याने आत्याकडे पाहिलं, आणि आपलं काही जमणार नाही हे दोघांनाही कळलं. मग ती पहिल्याच पायरीवर बसली. फोन हॉस्पिटलमध्येच मेला होता. दोन भाडेकरूंनी उचलून वर न्यायची तयारी दाखवली, तर "मी काय कपाट आहे?" म्हणून तिने त्यांना हाकललं. साडेचार तास बसली. तेवढ्या वेळात पाण्याचं मीटर बघायला आलेल्या माणसाला तिने असं काही सुनावलं, की तो बिचारा पुढचे दोन महिने अंदाजानेच आकडा टाकत होता.

संध्याकाळी भाचा आला तेव्हा ती पायरीवरच होती.

"तुझी कंपनीच करते ना रे त्या हॉस्पिटलचं कॉम्प्युटरचं?"

"हो."

"घरी सोडायचा फॉर्म तूच केलास ना?"

"पूर्ण नाही. खालची तीन बटणं माझी."

"मग त्या तीन बटणांनीच मला बाहेर काढलं. सतरा प्रश्न विचारले मला. चष्मा परत मिळाला का, चपला परत मिळाल्या का, रक्तगट कोणता. सतरा. घरी कोण आहे, हे कोणी विचारलं नाही."

भाच्याला ऑफिसात सगळे वायरमन म्हणत. कारण तो आधी खरोखरचा वायरमन होता. नऊ वर्षं त्याने लोकांच्या भिंती फोडल्या, मग पाठीने दगा दिला, आणि बसून करायचं काम म्हणून तो प्रोग्रामिंगची जावा भाषा शिकला. कोणी शिकवलं नाही. जुना पंखा उघडून बघतात तसा त्याने एकेक प्रोग्राम उघडून बघितला. कंपनीत त्याच्यासारखे दोघेच, आणि डिग्रीवाले अकरा. ते अकरा जण त्याला मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची देत आणि एसी बिघडला की हाक मारत.

तीन महिन्यांनी आत्याचा दुसरा गुडघा करायचा होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की तो लांबवू नका, सगळा भार नव्यावर येईल आणि तोही बिघडेल. आत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो फॉर्म मला घरी कोण आहे हे विचारेल, त्या दिवशी दुसरा गुडघा देईन. तोवर नाही."

"आत्या, मी येईन ना न्यायला. रजा काढतो."

"तू येशील रे. माझ्या शेजारच्या पलंगावरच्या बाईला कोण येणार होतं? तीही त्याच गाडीत होती. मला उतरवलं, तिला पुढे नेलं. कुठे उतरवलं देवाला ठाऊक. फॉर्म विचारू दे."

आत्याला हलवणं म्हणजे भिंतीतला जुना पाइप हलवणं. वायरमन दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेला आणि त्याने एक रकाना मागितला.

एक रकाना. वाचणाऱ्याला वाटेल, त्यात काय. फॉर्मवर सतरा आहेत, अठरावा टाका. पण ही कंपनी ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, पानं बनवत होती त्याचा एक कायदा होता. पानावर जो रकाना दिसतो, त्याच्यासाठी जावाच्या कोडमध्ये त्याच नावाचा, त्याच जागी बसणारा एक कंपोनंट हवा. पानावरचा रकाना म्हणजे भिंतीवरचा स्विच, कंपोनंट म्हणजे भिंतीमागची वायर. स्विच आहे आणि वायर नाही, तर फ्रेमवर्क अख्खं पान बंद करून लाल अक्षरांत बोंब मारतं. हा कायदा वायरमनला मनापासून मान्य होता. त्याचं डोकं फिरायचं ते कंपनीच्या कायद्याने. स्विच एका खोलीत लावत, वायर दुसऱ्या खोलीत ओढत, आणि दोन खोल्यांच्या मध्ये अर्ज, अंदाजपत्रक, मंजुरी आणि आर्किटेक्ट.

आर्किटेक्टच्या टेबलामागे सात सर्टिफिकिटं लॅमिनेट करून लावली होती. तो स्वतः कोड लिहीत नसे आणि वाचतही नसे. वाचणं हे खालच्या लोकांचं काम, असं त्याचं मत. तो फक्त प्रोग्रामांच्या आराखड्यात बाण काढायचा.

"एक रकाना?" आर्किटेक्ट म्हणाला. "आठ आठवडे. शिवाय आधी हॉस्पिटलकडून मागणी यायला हवी."

"मागणी आलेली आहे. मेट्रनबाई तीन वर्षं हाच रकाना मागतायत. फायलीत त्यांची सहा पत्रं आहेत."

"पत्रं आहेत. अर्ज कुठे आहे?"

वायरमन आपल्या जागेवर परत गेला. भिंत फोडणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळते, ती म्हणजे कुठे हातोडा मारायचा नाही.

तो जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून फ्रेमवर्कचाच कोड उघडून बसायला लागला. अकराव्या दिवशी त्याला सापडलं. पानावर अनोळखी टॅग, म्हणजे रकाना मांडणारी ओळ, भेटला की फ्रेमवर्क लगेच बोंब मारत नव्हतं. आधी ते एका यादीतल्या प्रत्येक छोट्या प्रोग्रामला विचारत होतं: हा तुमच्यापैकी कोणाचा? कोणीच ओळख दिली नाही तरच लाल अक्षरं. म्हणजे त्या यादीत आपला एक माणूस घुसवायचा, अनोळखी टॅग आला की त्याने "माझा" म्हणायचं आणि जागच्या जागी कंपोनंट बनवून द्यायचा. पानावर एक ओळ लिहिली की मागची वायर आपोआप ओढली जाणार. दुसरी खोली नको, अर्ज नको, बाण नको.

ऐंशी ओळी लिहिल्या. रकाना उमटला. वायरमनने त्यात "आत्या एकटी" असं लिहून बटण दाबलं. फॉर्मने आभार मानले आणि काहीही साठवलं नाही. पुन्हा केलं, पुन्हा आभार. चार दिवस तो त्या आभारांशी झगडला. मग कळलं की त्याचा कंपोनंट पान रंगवताना जन्माला येत होता आणि रंगवून झालं की मरत होता. उत्तर परत येईपर्यंत ऐकायला जागेवर कोणी नसायचं. प्रश्न विचारायचा आणि उत्तराच्या वेळी खुर्ची रिकामी, हे त्याने ऑफिसात रोज पाहिलं होतं, पण कोडमध्ये पहिल्यांदा पाहिलं.

मग त्याने उलटं केलं. पान जन्मतानाच त्याचा सगळा मजकूर आधी स्वतः वाचून काढायचा, जिथे रकान्याचा टॅग दिसेल तिथे कंपोनंट बनवायचा आणि पान जिवंत आहे तोवर ठेवायचा. मजकूर वाचणारा भागही त्याने स्वतःच लिहिला, कारण दुसऱ्याचा शोधायला वेळ नव्हता. शेवटी एक ओळ घातली, ती रागाने घातली: असा प्रत्येक रकाना भरलाच पाहिजे, नाहीतर फॉर्म पुढे जाणार नाही. विचारलं आहे ना, मग उत्तर घ्या.

त्या महिन्यात प्रिंटरच्या दुरुस्तीचा बदल हॉस्पिटलला जायचा होता. त्याच पिशवीत हेही गेलं. आर्किटेक्टने न वाचता सही केली.

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर औषधांच्या कपाटाला टेकून मेट्रनबाईंचं टेबल होतं. छप्पन्न वर्षांच्या, आवाज असा की बेशुद्ध पेशंटही पाय सरळ करायचा. वायरमनने त्यांना पानाची फाईल उघडून दाखवली आणि एक ओळ कशी लिहायची ते सांगितलं.

"एवढंच?" मेट्रनबाई म्हणाल्या.

"एवढंच."

"मग तीन वर्षं तुमची माणसं काय करत होती?"

"बाण काढत होती."

त्यांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत ओळ लिहिली. पान पुन्हा उघडलं. सतरा रकान्यांखाली अठरावा: घरी कोण आहे? मेट्रनबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काही टीप लिहून ठेवायची असेल तर? पुढच्या बाईला कळावं म्हणून."

वायरमनने टिपेच्या खुणा दाखवल्या. "या दोन खुणांच्या मध्ये काहीही लिहा. पानावर दिसत नाही. फक्त फाईल उघडणाऱ्याला दिसतं."

त्या संध्याकाळी त्याने आत्याला फोन केला. आत्या म्हणाली, "बरं. तारीख घे."

ऑपरेशनपर्यंतच्या पंधरा दिवसांत हॉस्पिटलभर बातमी पसरली की मेट्रनबाई म्हणतील तो रकाना जागेवर मिळतो. आणि मग माणसाची जात कळली. चादरींचा हिशोब ठेवणाऱ्या बाईने रकाना मागितला: उशी नेलीत का? स्वयंपाकघराच्या मुख्याने मागितला: जेवण आवडलं का, आणि त्याखाली अजून एक: नसेल आवडलं तर घरी काय जेवता? रखवालदाराला हवं होतं, भेटायला आलेल्यांपैकी सगळ्यात मोठ्याने कोण बोललं. हाडांच्या मोठ्या सर्जनना हवा होता "सर्जनविषयी दोन शब्द", आणि मेट्रनबाईंनी खरंच दोनच शब्द मावतील एवढा दिला. फॉर्म सतरावरून एकतीसवर गेला. मेट्रनबाई निम्मे उडवायच्या, तोवर नवे यायचे. शेवटी कंटाळून त्यांनी फाईलच्या वरच, टिपेच्या खुणांमध्ये, इतर नर्सना सूचना लिहून ठेवली: रकाना असा लिहावा. आणि त्याच खुणांमध्ये, सूचनेखाली, एक रकाना लिहूनच दाखवला. नाव दिलं "तुमचा प्रश्न". मेट्रनबाई अर्धवट काम करत नसत.

हे त्यांनी केलं सोमवारी संध्याकाळी. तोवर आत्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि मंगळवारी सकाळी तिला घरी जायचं होतं.

मंगळवारी सकाळी नऊपासून हॉस्पिटलमधून एकही माणूस बाहेर पडला नाही.

नर्स फॉर्म भरायची, बटण दाबायची, आणि लाल अक्षरं यायची: "तुमचा प्रश्न" हा रकाना भरणं आवश्यक आहे. पानावर असा रकाना कुठेच नव्हता. नर्सना वाटलं, वरून हुकूम आला असणार. हुकूम म्हटल्यावर त्या पलंगापलंगाशी वही घेऊन गेल्या: तुमचा काय प्रश्न आहे? आता, पडून राहिलेल्या माणसाला आठ दिवसांत पहिल्यांदाच कोणी हे विचारत होतं. चौथ्या पलंगावरच्याने विचारलं, चहा गार का असतो. सहाव्याने विचारलं, माझं नक्की काय काढलं. आठव्या पलंगावरच्या बाईचे अकरा प्रश्न निघाले आणि बारावा तिच्या नवऱ्याबद्दल होता. नर्सनी सगळे प्रश्न इमानेइतबारे "सर्जनविषयी दोन शब्द" मध्ये कोंबून पाहिले. लाल अक्षरं हलली नाहीत.

दहा वाजेपर्यंत जायला तयार चौदा माणसं, बॅगा मांडीवर घेऊन, आपापल्या पलंगाच्या कडेला. खाली नवीन आलेले सोळा जण व्हरांड्यात. आणि आत्याच्या पलंगाशी रजा काढून आलेला वायरमन, ज्याचा फोन वाजायला लागला.

फोनवर कंपनीचा मालक होता आणि त्याच्या शेजारी आर्किटेक्ट. मालक ओरडायचा नाही. ओरडणारा परवडतो.

"पानावर नसलेला रकाना पान मागतंय, असं हॉस्पिटल म्हणतंय," मालक म्हणाला. "असं होऊ शकतं का?"

"तेच तर," आर्किटेक्ट मागून म्हणाला, "याने मजकुरातून कंपोनंट बनवायचा कारखाना घातलाय. मला न विचारता."

"तुमची सही आहे त्यावर," वायरमन म्हणाला.



"भांडण नंतर," मालक म्हणाला. "ते सगळं उखडायचं. जुना सतरा रकान्यांचा फॉर्म पुन्हा चढवायचा, आत्ताच्या आत्ता. आर्किटेक्ट चढवतील. तू हात लावायचा नाहीस. लावलास तर उद्या यायची तसदी घेऊ नकोस."

वायरमनने फोन खिशात टाकला. आत्या त्याच्याकडेच बघत होती. नवा गुडघा सरळ, जुना नवाही सरळ, ओठ सरळ.

"काय म्हणतो?"

"जुना फॉर्म आणतायत. दहा मिनिटांत सुटशील."

"त्यात माझा प्रश्न आहे?"

"नाही."

आत्याने बॅग मांडीवरून उचलून पलंगाखाली ढकलली आणि पाय वर घेतले. "मग मी झोपते."

"आत्या, माझी नोकरी जाईल."

"तुला काम येतं. तुला मिळेल दुसरी. मला तिसरा गुडघा नाही."

वायरमन मेट्रनबाईंच्या टेबलाशी गेला. त्या एका हाताने फोन धरून खालच्या सोळा जणांना थोपवत होत्या आणि दुसऱ्या हाताने औषधं मोजत होत्या.

"पानाची फाईल उघडा," तो म्हणाला. "मी हात लावत नाही. तुम्ही उघडा."

फाईल उघडली. पहिल्याच ओळीपासून सूचना, आणि सूचनेत तो नमुन्याचा रकाना.

"हे कोणी लिहिलं?"

"मी. तुम्हीच म्हणालात, या खुणांच्या मधलं पानावर दिसत नाही."

"पानावर दिसत नाही." वायरमनने कपाळावरून हात फिरवला. "पण पान वाचणारा भाग मी लिहिलाय, आणि त्याला टिपा सोडून द्यायला मी शिकवलंच नाही. तो टीपही वाचतो. त्यात त्याला रकाना दिसला, त्याने कंपोनंट बनवला. आता स्विच नाही, वायर आहे, आणि वायर म्हणतेय मला दाबा."

"म्हणजे चूक कोणाची?"

"माझी."

"बरं झालं, सांगितलंत. तीन वर्षांत तुमच्या कंपनीतून पहिल्यांदाच ऐकलं." मेट्रनबाईंनी औषधांची बाटली खाली ठेवली. "ही ओळ पुसली तर?"

"तर सगळं सुरू. पण तिकडे आर्किटेक्ट जुना फॉर्म चढवतोय. तो चढला की तुमचा रकाना गेला. आणि मग आठ आठवडे."

मेट्रनबाई एका बोटाने टाइप करत. पुसायलाही एकच बोट. अक्षर अक्षर मागे जात होतं, आणि वायरमन घड्याळ बघत होता. पण त्याला एक गोष्ट माहीत नव्हती, किंवा माहीत असून सुचली नव्हती. जुना फॉर्म चढवणं हाही एक बदलच होता. बदलाला अर्ज लागतो. अर्जावर पान लिहिणाऱ्या खोलीची सही लागते, आणि त्या खोलीतली मुलगी दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. आर्किटेक्टने हा नियम स्वतः काढला होता, तीन बाणांसकट, आणि तो भिंतीवर लावला होता. मालक त्याच्या डोक्यावर उभा राहून विचारत होता, "झालं?" आणि आर्किटेक्ट सांगत होता, "अंदाजपत्रक भरतोय."

मेट्रनबाईंचं बोट थांबलं. नर्सने फॉर्म भरला, बटण दाबलं. लाल अक्षरं आली नाहीत.

फोन पुन्हा वाजला. "सुरू झालं म्हणतायत," मालक म्हणाला. "आर्किटेक्ट म्हणतात त्यांनी अजून काहीच केलेलं नाही. तू हात लावलास?"

"नाही. मेट्रनबाईंनी एक ओळ पुसली."

"ग्राहकाने? स्वतः?" मालक म्हणाला. "उद्या ये. बोलू." त्यात धमकी होती की बढती, हे मालकालाही ठरवता आलं नसावं. मागून आर्किटेक्टचा आवाज आला, "पण अर्ज अर्धा भरून झालाय."

वॉर्डात चौदा जणांची रांग लागली. नर्स एकेकाला भराभर सोडवत होती. चष्मा, चपला, रक्तगट, उशी. घरी कोण आहे? सून आहे. बायको आहे, दुर्दैवाने. मुलगा आहे, झोपला असेल. आत्या पलंगावर पाय वर घेऊनच ऐकत होती. तिचा नंबर आठवा.

सातवा होता एक म्हातारा शिंपी, मणक्याच्या ऑपरेशनचा, टोपी हातात. सगळ्या प्रश्नांना त्याने पटापट उत्तरं दिली. घरी कोण आहे म्हटल्यावर थांबला. नर्सने स्क्रीनवरून मान वर केली नाही. "लवकर सांगा आजोबा, हा भरलाच पाहिजे, नाहीतर पुढे जात नाही."

"भरलाच पाहिजे का?"

"हो."

"मग लिहा, कोणी नाही."

नर्सने लिहिलं. बटणावर बोट नेलं आणि ते तिथेच राहिलं. बटण दाबलं असतं तर दबलं असतं. फॉर्मला काय, त्याला उत्तर मिळालं होतं. त्याचा कोड लिहिणाऱ्या वायरमननेही उत्तर मिळाल्यावर पुढे काय, याचा विचार केलेला नव्हता. तो दाराशी उभा होता आणि त्याचे कान तापले.

नर्सने मेट्रनबाईंकडे पाहिलं.

"जिने किती?" मेट्रनबाईंनी शिंप्याला विचारलं.

"दोन."

"गुरुवारपर्यंत राहा. तोवर मी सोबतीला कोणीतरी बघते."

"खालचे सोळा जण?" नर्स हळूच म्हणाली.

"खालचे आता पंधरा समज. एकाला मी माझ्या खुर्चीत बसवते." मेट्रनबाई वळल्या. "वायरमन, इथे खाली अजून एक रकाना लागणार. 'कोणी नाही' म्हटलं तर काय करायचं, त्याचा. कसा लिहू?"

"तसाच. एक ओळ."

"आणि टिपेत नाही."

"टिपेत अजिबात नाही."

शिंपी आपल्या पलंगाकडे परत गेला. टोपी डोक्यावर घातली, मग काढली, मग उशीवर ठेवली. मग नर्स आत्याच्या पलंगाशी आली आणि यंत्रासारखं भराभर विचारत सुटली, चष्मा चपला रक्तगट उशी घरी कोण आहे.

आत्याने पाय खाली घेतले. दोन्ही सरळ. पदर सारखा केला, केस मागे सारले.

"शेवटचा पुन्हा विचार," ती म्हणाली. "सावकाश. घाई कसली आहे?"

नर्सने मान वर केली, आत्याकडे पाहिलं, आणि सावकाश विचारलं.

"घरी कोणी नाही," आत्या म्हणाली. "भाचा आहे, तो इथे उभा आहे. तिसरा मजला आहे, तेही लिही. त्याची पाठ गेलेली आहे, तेव्हा तो मला उचलणार नाही, मी त्याला धरून चढणार. सगळं लिही. मावतं ना त्यात?"

"मावतं," वायरमन म्हणाला.